‘हॅलोवीन एंड्स’ : धाडस पटले, शेवट पटला नाही

जॉन कार्पेंटर यांनी १९७८ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅलोवीन’ मालिकेतला तेरावा आणि आजवरचा शेवटचा चित्रपट ‘हॅलोवीन एंड्स’ १४ ऑक्टोबर २०२२ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. तेव्हा मालिकेच्या चाहत्यांत जी फूट पडली ती अजून मिटलेली नाही. एक गट म्हणतो की ज्या खुन्याला पाहण्यासाठी आम्ही येतो त्यालाच दिग्दर्शकाने अर्धा चित्रपट गटारात बसवून ठेवले. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे की इतक्या वर्षांत या मालिकेत काही नवे सांगण्याचे प्रथमच कोणीतरी मनावर घेतले. मी हा चित्रपट म्हापशाच्या घरी पाहिला, पहिल्या वेळी चिडून आणि पुढे जरा शांतपणे. माझी अडचण अशी आहे की मला दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे वाटते. दिग्दर्शक डेव्हिड गॉर्डन ग्रीन यांनी निवडलेली कथा चांगली आहे, तिची सुरुवात तर या मालिकेतल्या उत्तम प्रसंगांत मोडते; परंतु ही कथा मालिकेच्या अगदी अखेरच्या पायरीवर, कोणतीही पूर्वतयारी न करता आणून ठेवल्यामुळे ती स्वतःही पूर्ण होत नाही आणि मालिकेलाही पूर्ण करत नाही. पुढे चित्रपटातील बहुतेक सगळी वळणे, शेवटासह, उघड केलेली आहेत, याची नोंद ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी घ्यावी.

स्लॅशर या प्रकाराशी ज्यांचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. मुखवटा घातलेला आणि सहसा काही न बोलणारा खुनी, हातात धारदार हत्यार, एकामागून एक पडणारे तरुण बळी आणि अखेरीस त्याला तोंड देणारी एकटी मुलगी, असा या चित्रपटांचा ठरलेला साचा असतो. हा साचा लोकप्रिय करण्याचे श्रेय बव्हंशी पहिल्या ‘हॅलोवीन’ला जाते. इलिनॉय राज्यातील हॅडनफील्ड या काल्पनिक गावात १९६३ साली सहा वर्षांचा मायकल मायर्स आपल्या मोठ्या बहिणीचा खून करतो, पंधरा वर्षांनी मनोरुग्णालयातून पळून गावात परततो आणि सणाच्या रात्री शेजाऱ्यांची मुले सांभाळणाऱ्या मुलींच्या मागे लागतो, एवढीच ती गोष्ट. हॅलोवीन म्हणजे सर्व संतांच्या सणाची, १ नोव्हेंबरची, आदली रात्र. आपल्याकडे किनारपट्टीवरच्या क्लबांमध्ये अलीकडे तिच्या नावाने पार्ट्या होऊ लागल्या असल्या, तरी गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत या दिवसांचे खरे महत्त्व २ नोव्हेंबरला, पितरांच्या कबरींवर मेणबत्त्या लावण्यात आहे, आणि त्या गंभीर दिवसाशी अमेरिकन भोपळ्यांचा फारसा संबंध नाही.

पहिल्या चित्रपटाचे मोठेपण सांगताना मी जरा रेंगाळणार आहे, कारण नंतरच्या प्रत्येक चित्रपटाची उंची त्याच्याच शेजारी उभे करून मोजली जाते. सुमारे तीन लाख डॉलर इतक्या तुटपुंज्या रकमेत आणि सुमारे वीस दिवसांत कॅलिफोर्नियात वसंत ऋतूमध्ये त्याचे चित्रीकरण झाले; शरद ऋतूचा आभास निर्माण करण्यासाठी पाने रंगवून रस्त्यावर पसरली जात आणि दृश्य संपले की तीच पाने गोळा करून पुढच्या दृश्यासाठी वापरली जात. मायकलचा मुखवटा म्हणजे ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील कॅप्टन कर्कची भूमिका करणारे विल्यम शॅटनर यांच्या चेहऱ्याचा, दोन डॉलरपेक्षाही कमी किमतीत दुकानातून आणलेला मुखवटा. कल्ले आणि भुवया काढून, डोळ्यांची भोके मोठी करून त्याला पांढरा रंग दिला आणि त्या चेहऱ्यावरचे सगळे भाव पुसले गेले. निर्मात्या आणि सहलेखिका डेब्रा हिल यांनी मुलींचे संवाद लिहिले, त्यामुळे त्या मुली केवळ मरण्यासाठी आणलेल्या बाहुल्या वाटत नाहीत. छायालेखक डीन कंडी यांनी रुंद पडद्याचा इतका हुशारीने वापर केला की प्रेक्षक पात्राकडे पाहायचे सोडून चौकटीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहत बसतो, कारण तिथे कोणीतरी उभे असेल अशी त्याची खात्री झालेली असते. पाच मात्रांच्या ठेक्यावरची पियानोची धून स्वतः कार्पेंटर यांची. तो ठेका त्यांना वडिलांनी बाँगोवर शिकवला होता. या साऱ्यात रक्त मात्र जवळजवळ दिसतच नाही. ज्या चित्रपटाने रक्तपाताच्या एका संपूर्ण परंपरेला जन्म दिला त्यात रक्त इतके कमी असावे, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते.

पुढच्या भागांची कहाणी लवकर आटोपतो. १९८१ च्या दुसऱ्या चित्रपटात नायिका लॉरी स्ट्रोड ही मायकलची बहीण असल्याचे सांगून मूळ गोष्टीतील अकारण भयाला एक कारण चिकटवण्यात आले. १९८२ च्या तिसऱ्या चित्रपटात मायकल नव्हताच. दर वर्षी सणावर आधारित एक स्वतंत्र कथा सांगावी, ही त्यामागची कल्पना प्रेक्षकांनी साफ नाकारली. मग १९८८ मध्ये मायकल परत आला तो आलाच. पंथ, शाप, भाची, पुन्हा बहीण, मध्येच तिचा मृत्यू, रॉब झॉम्बी यांचे दोन स्वतंत्र चित्रपट असे करत मालिका इतकी गुंतली की २०१८ मध्ये ग्रीन आणि त्यांचे सहलेखक डॅनी मॅकब्राइड यांनी १९७८ नंतरचे सगळे पुसून टाकले आणि थेट मूळ चित्रपटाचा उत्तरार्ध लिहिला. बहिणीचे नातेही त्यांनी काढून टाकले, हे फार बरे झाले. नव्वदच्या दशकात आमच्याकडच्या व्हिडिओ लायब्ररीत या चित्रपटांच्या कॅसेटी क्रमाने मिळत नसत, त्यामुळे माझ्या पिढीतील अनेकांनी ही मालिका मधूनच कुठून तरी पाहायला सुरुवात केली. तसे पाहिले, तर निर्मात्यांनीही ती क्रमाने सांगण्याची फारशी फिकीर कधी केली नाही.

२०१८ चा चित्रपट एक कोटी डॉलरच्या खर्चात बनला आणि त्याने जगभरात पंचवीस कोटी डॉलरहून अधिक कमावले. त्यातील लॉरी ही चाळीस वर्षे भीतीत जगलेली, घराचा किल्ला करून बसलेली, मुलीचा आणि नातीचा दुरावा सोसणारी बाई होती, आणि जेमी ली कर्टिस यांनी ती मोठ्या ताकदीने उभी केली होती. त्याच रात्रीची पुढची हकिगत सांगणारा ‘हॅलोवीन किल्स’ २०२१ मध्ये आला. तो मला मुळीच आवडला नाही, परंतु त्यातला एक धागा येथे महत्त्वाचा आहे: मायकलचा सूड घ्यायला निघालेला गावकऱ्यांचा जमाव रुग्णालयात एका भलत्याच निरपराध रुग्णाला मायकल समजून त्याचा पाठलाग करतो आणि तो बिचारा वरून उडी घेऊन मरतो. गावाच्या भीतीने घेतलेला हा बळी ‘एंड्स’ची खरी पूर्वपीठिका आहे. दुर्दैवाने ‘एंड्स’ त्या माणसाचा जवळजवळ उल्लेखही करत नाही.

आता मूळ विषयाकडे येतो. ‘एंड्स’ची सुरुवात २०१९ च्या हॅलोवीनच्या रात्री, एका श्रीमंत घरात होते. कोरी कनिंगहॅम हा लाजाळू, हुशार, महाविद्यालयात जाण्यासाठी पैसे जमवणारा तरुण एका खोडकर मुलाला सांभाळायला आलेला आहे. या मालिकेत मुलांना सांभाळायला नेहमी मुली येतात. येथे मुलगा आला आहे, एवढ्यानेच सराईत प्रेक्षक सावध होतो. टीव्हीवर कार्पेंटर यांचाच ‘द थिंग’ चालू आहे. मुलगा लपतो, घरातले आवाज बदलतात, सुरी जागेवर नसते, आणि आपण मायकलची वाट पाहू लागतो. मायकल येतच नाही. मुलाने गंमत म्हणून कोरीला माळ्यावरच्या खोलीत कोंडलेले असते. घाबरलेला कोरी दार लाथेने उघडतो, दार पलीकडे उभ्या असलेल्या मुलाला लागते, तो जिन्याच्या कठड्यावरून थेट खाली पडतो, आणि नेमके त्याच क्षणी आईवडील दार उघडून आत येतात. या प्रसंगात खुनी कोणीच नाही. भयपटाची सगळी सामग्री मांडून ठेवून तिच्यातून निव्वळ एक अपघात घडवायचा आणि तो कोणत्याही खुनापेक्षा अधिक अंगावर यावा असा दाखवायचा, हे काम सोपे नाही. त्यापाठोपाठ येणाऱ्या शीर्षकांत एका भोपळ्यातून दुसरा भोपळा फुटून बाहेर येत राहतो, आणि अक्षरे निळी, तिसऱ्या चित्रपटाच्या धर्तीची आहेत. जाणत्या प्रेक्षकाला हा इशारा पुरेसा आहे: मायकलविना चालणाऱ्या त्या नाकारलेल्या प्रयोगाकडे आपण पुन्हा चाललो आहोत. माझ्याबरोबर पाहत असलेल्या भाच्याला मात्र हे संदर्भ ठाऊक नव्हते, आणि बराच वेळ वाट पाहून त्याने अखेर विचारलेच, “मामा, पूण तो मायकल खंय आसा?” हाच प्रश्न चित्रपट पाहिलेल्या असंख्य लोकांनी विचारला आणि त्यात त्यांची चूक नव्हती, कारण जाहिरातींनी त्यांना लॉरी आणि मायकल यांच्या अखेरच्या सामन्याचे आश्वासन दिले होते.

तीन वर्षांनंतर कोरी न्यायालयातून सुटलेला आहे, पण गावाच्या दृष्टीने तो बालहत्यारा आहे. सावत्र वडिलांच्या भंगारच्या अड्ड्यावर तो काम करतो, घरात आई त्याला मुठीत ठेवते, रस्त्यावर शाळेच्या बँडपथकातील टवाळ मुले त्याला छळतात. मायकल चार वर्षांपूर्वी नाहीसा झाला आहे आणि तो कोठे आहे हे कोणालाच माहीत नाही. तेव्हा राग आणि भीती काढण्यासाठी गावाला दुसरे कोणीतरी हवे आहे, आणि कोरी त्यांच्या हाताशी सापडला आहे. लॉरीलाही लोक सोडत नाहीत. तूच त्याला डिवचलेस, असे तिला भर दुकानाबाहेर ऐकवले जाते. राक्षस निघून गेल्यावर गाव आपल्यातलाच एक नवा राक्षस कसा घडवते, हे या भागात फार बारकाईने आले आहे. रोहन कॅम्पबेल यांनी कोरीचा ओशाळेपणा, मान खाली घालून चालणे आणि मध्येच डोळ्यांत चमकून जाणारा संताप उत्तम साकारला आहे. त्याचे आडनाव कार्पेंटर यांच्याच १९८३ च्या ‘क्रिस्टीन’मधील नायकाचे आहे, आणि तिथेही एक दबलेला मुलगा हळूहळू क्रूर होत जातो. जुन्या चित्रपटांतील दृश्यांची नक्कल करण्यापेक्षा अशा तऱ्हेचा आदर मला अधिक भावतो.

बँडपथकातील मुले कोरीला पुलावरून खाली ढकलतात आणि जखमी अवस्थेत तो गटारात ओढला जातो, तिथून पुढे चित्रपट माझ्या हातून निसटू लागला. गटारात मायकल आहे: म्हातारा, थकलेला, ओलीत कुजत पडलेला. तो कोरीचा गळा धरतो, त्याच्या डोळ्यांत पाहतो, आणि त्याला सोडून देतो. त्या नजरेतून कोरीला काय मिळाले? मायकलमधील काही त्याच्यात उतरले, की जे त्याच्यात होतेच ते जागे झाले? संदिग्धतेला माझा आक्षेप नाही. पहिला चित्रपट संदिग्धतेवरच उभा आहे. पण येथे ती केवळ घाई झाकण्यासाठी वापरली गेल्यासारखी वाटते. ज्या माणसाला आपण बराच वेळ सहानुभूतीने पाहिले तो बाहेर पडताच एकाचा खून करतो, लवकरच मायकलसाठी बळी घेऊन येतो, त्याच्या जोडीने खून करतो आणि थोड्याच अवधीत त्याचा मुखवटाही हिसकावून घेतो. या प्रत्येक पायरीला एकेक प्रसंग मिळायला हवा होता. सगळे मिळून काही दिवसांत, चित्रपटाच्या मध्यभागी उरकून टाकले आहे. लॉरीची नात ॲलिसन हिच्याशी त्याचे जुळणारे प्रेमही असेच आहे. आईवडील दोघांनाही मायकलच्या हातून गमावलेली ही मुलगी, अवघ्या थोड्या भेटींनंतर या तरुणाबरोबर गाव सोडून जायला तयार होते, आणि आजीने सावध केले तर आजीलाच दोष देते. दोन जखमी माणसे एकमेकांकडे ओढली जातात हे मला मान्य आहे. अँडी मॅटिचॅक यांनी जीव ओतून काम केले आहे हेही मान्य. पण पटकथेने त्यांना बोलायलाही पुरेसा वेळ दिलेला नाही.

लॉरीच्या बाबतीत तक्रार अधिक गंभीर आहे. मायकल चाळीस वर्षे कोठडीत बंद होता तेव्हा ती बंदुका जमवून, सापळे रचून, खिडक्यांना आवरणे लावून राहत होती. आता त्याने तिच्या मुलीचा खून केला आहे, तो मोकळा आहे, कोठे आहे ते ठाऊक नाही, आणि आता ती नव्या घरात पडदे उघडे ठेवून आत्मचरित्र लिहीत बसली आहे, ‘पम्पकिन पाय’ हा भोपळ्याचा गोड पदार्थ करपवते आहे आणि दुकानात भेटलेल्या जुन्या पोलीस मित्राशी लाजत गप्पा मारते आहे. दुःखातून सावरलेल्या स्त्रीचे चित्रण म्हणून हे सुंदर आहे आणि कर्टिस यांचा त्या दुकानातला प्रसंग तर मला फार आवडला. पण २०१८ मधील लॉरी आणि ही लॉरी यांच्यामध्ये जो प्रवास झाला असला पाहिजे, तो निवेदनाच्या चार वाक्यांत उरकला आहे. तिन्ही चित्रपट एकाच दिग्दर्शकाचे आणि तिन्हींच्या लेखनात ग्रीन व मॅकब्राइड असताना असे व्हावे, याचे समर्थन करता येत नाही. माझ्या मते याचे मूळ नियोजनात आहे. कोरीला २०१८ च्या चित्रपटात एखाद्या प्रसंगापुरते जरी आणले असते आणि जमावाने मारलेल्या त्या निरपराध रुग्णाची सल ‘किल्स’च्या शेवटी गावाला लागलेली दाखवली असती, तर तिसऱ्या चित्रपटाला सगळे नव्याने मांडावे लागले नसते. त्या ऐवजी मधला चित्रपट रक्तपातात आणि घोषणा देणाऱ्या जमावात वाया गेला आणि सगळा भार अखेरच्या भागावर आला.

हिंसेच्या दृष्टीने ‘एंड्स’ हा ‘किल्स’पेक्षा संयमी आहे, तरी संयमाची १९७८ ची व्याख्या आता कोणाला आठवत नाही असे दिसते. भंगारच्या अड्ड्यावरील खून आणि रेडिओ निवेदकाचा शेवट हे प्रसंग किळस आणण्यासाठीच रचलेले आहेत. त्या निवेदकाची कापलेली जीभ फिरत्या तबकडीवर पडून गाणे अडखळू लागते, यात एक काळा विनोद आहे खरा, पण भीती नाही. भीती वाटते ती कोरी दूर रस्त्याच्या कडेला झुडपाआड उभा राहून लॉरीकडे पाहतो तेव्हा. १९७८ मध्ये मायकल ज्या तऱ्हेने उभा राहत असे तीच ही तऱ्हा, आणि लॉरीने ती ओळखलेली तिच्या चेहऱ्यावर दिसते. शब्द नाही, रक्त नाही. असे आणखी चार प्रसंग असते तर मी या चित्रपटाचा वकील झालो असतो. संगीत पुन्हा कार्पेंटर, त्यांचा मुलगा कोडी आणि धर्मपुत्र (गॉडसन) डॅनियल डेव्हिस यांचे आहे. मूळ धून फार न वापरता कोरीसाठी रचलेले वेगळे, थंड स्वरांचे संगीत हे या चित्रपटाचे निर्विवाद बलस्थान आहे. शक्य असल्यास चांगल्या ध्वनियंत्रणेवर किंवा निदान हेडफोन लावून पाहावा. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर खालच्या पट्टीतील बरेचसे काम हरवते.

अखेरचा भाग दोन तुकड्यांत आहे. पहिला तुकडा म्हणजे लॉरीच्या स्वयंपाकघरातील झुंज. कोरी लॉरीला फसवण्यासाठी स्वतःच्याच मानेत सुरी खुपसून घेतो, मुखवटा परत घ्यायला आलेला मायकल त्याची मान मोडतो, आणि मग ज्यासाठी प्रेक्षक दोन तास थांबले तो सामना सुरू होतो. लांबी फार नाही, पण बेतलेला चांगला आहे. दोघेही वृद्ध आहेत, दमतात, अडखळतात; लॉरी त्याला सुऱ्यांनी टेबलाला खिळवते, त्याच्या अंगावर फ्रीज पाडते आणि गळा कापते, तरी त्याचा हात तिचा गळा सोडत नाही. तो हात ॲलिसन सोडवते. स्वयंपाकघर हीच रणभूमी, घरातलीच हत्यारे, आणि आजीनातीने मिळून केलेला शेवट. हे सगळे मला पटले. कोरीला मात्र पटकथेने इतक्या परिश्रमाने उभे करून असे बाजूला टाकले की तासभर आपण नेमके कोणाची गोष्ट पाहत होतो असा प्रश्न पडतो.

दुसरा तुकडा म्हणजे अंत्ययात्रा. मायकलचे प्रेत मोटारीच्या टपावर बांधून मध्यरात्री गावातून नेले जाते, घराघरांतून लोक बाहेर येतात, गाड्या मागे लागतात, आणि भंगारच्या अड्ड्यावरील मोठ्या चक्कीत सर्वांच्या देखत ते प्रेत ढकलले जाते. हे दृश्य पाहताना गोव्यातील प्रेक्षकाला नरकासुराची आठवण झाली नाही तरच नवल. चित्रपटानंतर दहाच दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, त्या वर्षीची नरकचतुर्दशी होती. आदल्या रात्री पणजी, म्हापसा, मडगाव येथे आणि गावोगावच्या वाड्यांत बांबूच्या सांगाड्यावर कागद आणि गवत चढवून उभारलेले, बाजारातून आणलेले भयानक मुखवटे चढवलेले नरकासुर मिरवले जातात आणि पहाटे त्यांना आग लावली जाते; मग घरी अभ्यंगस्नान करायचे, पायाखाली कारीट फोडायचे आणि वर पोहे खायचे. या प्रथेवर आपल्याकडे दर वर्षी जी टीका होते तीही येथे लागू पडते: स्पर्धा नरकासुराच्या उंचीची असते, बक्षीस त्याच्या मुखवट्याला मिळते, कर्कश संगीत त्याच्यासाठी वाजते, आणि ज्याने त्याला मारले तो श्रीकृष्ण कोपऱ्यात छोटासा उभा असतो. ‘हॅलोवीन’ मालिकेचेही नेमके असेच झाले आहे. फलकावर मोठा मुखवटा मायकलचा, विकला जातो तोही त्याचाच, आणि आम्ही चाहतेही तिकीट काढतो ते त्याच्यासाठी.

पण नरकासुर जाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते की पुढच्या वर्षी तो पुन्हा उभारायचा आहे. त्या विधीत तसा करारच असतो. ‘एंड्स’ मात्र दोन्ही गोष्टी एकदम मागतो. दीड तास तो आपल्याला सांगतो की दुष्टपणा एका देहात राहत नाही, तो गावाच्या वागण्यातून माणसामाणसांत उतरतो. आणि शेवटी तो तेच गाव गोळा करून, एका देहाचा चुरा करून, सर्वांना मोकळे झाल्याचे समाधान देतो. कोरीला छळणारी, लॉरीला भर रस्त्यात दोष देणारी ही माणसे त्या मिरवणुकीत कोणत्या तोंडाने चालत आहेत, हे कोणीही विचारत नाही. एखाद्या चेहऱ्यावर शरम दिसली असती, एखादे दार बंदच राहिले असते, तरी मला हा प्रसंग स्वीकारता आला असता. दिग्दर्शकाने स्वतःच मांडलेला विचार स्वतःच सोडून दिला, आणि माझ्या मते चित्रपटाची खरी पडझड येथे झाली आहे. मायकल कमी वेळ दिसतो हे त्यामानाने किरकोळ.

व्यवहाराबद्दल थोडेसे. सुमारे साडेतीन कोटी डॉलरच्या आत बनलेल्या या चित्रपटाने जगभरात दहा कोटींच्या थोडे वर कमावले. चित्रपटगृहांबरोबरच अमेरिकेत तो त्याच दिवशी एका ऑनलाइन सेवेवरही उपलब्ध करण्यात आला होता. २०१८ च्या कमाईच्या निम्म्यालाही तो पोचला नाही, तरी तोट्यातही गेला नाही. अशा स्थितीत नावात ‘एंड्स’ असले म्हणून काय झाले, मायकल पुन्हा कोणत्या तरी रूपात येईलच, याविषयी मला तरी शंका नाही. जेमी ली कर्टिस यांचा मात्र हा खरा निरोप मानावा. १९७८ मध्ये चित्रपटात पदार्पण केलेल्या या अभिनेत्रीने एकाच व्यक्तिरेखेला सात चित्रपटांत, चव्वेचाळीस वर्षांच्या अंतरावर सांभाळले, आणि तिच्या हातात सुरी असताना डोळ्यांत जो थकवा दिसतो तो अभिनय म्हणून वेगळा काढता येत नाही.

तर पाहावा का? मालिका ज्यांना मुळीच ठाऊक नाही त्यांनी येथून सुरुवात करू नये. १९७८ चा चित्रपट पाहावा, त्यानंतर २०१८ चा, आणि मग थेट हा. मधल्या ‘किल्स’मधून रुग्णालयातील जमावाचा भाग तेवढा पाहिला तरी पुरे. ज्यांना केवळ मायकलचा धुमाकूळ हवा आहे त्यांची निराशा ठरलेली आहे. दिवाळीच्या सुटीत मुलांना बसवून दाखवण्यासारखा हा चित्रपट नाही, हे वेगळे सांगायला नको. भंगारच्या अड्ड्यावरचे प्रसंग मोठ्यांनाही जड जातील. माझा भाचा, ज्याने आधीचे भाग पाहिले नव्हते, त्याला कोरीची गोष्ट मनापासून आवडली आणि मायकल आला तेव्हा तो उलट वैतागला; हे मी येथे मुद्दाम नोंदवतो, कारण मालिकेचे ओझे नसलेल्या प्रेक्षकाला ‘एंड्स’ हा अधिक चांगला चित्रपट वाटू शकतो. पाचपैकी गुण द्यायचेच तर तीन देईन, त्यांतले दोन कोरी पुलावरून पडेपर्यंतच्या भागाला आणि उरलेला एक त्या स्वयंपाकघराला.